काठी, कार्डं आणि तेवीस मुलं : शनिवारच्या वर्गाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळीनंतरचा पहिला वर्ग. आज मी काही करायचं नाही, मागे बसून नुसतं बघायचं, असं आत्याशी ठरलं होतं.

इंदूर, रामबागेजवळचा एका मंडळाचा हॉल, वेळ दहा ते बारा. पटावर तेवीस मुलं, सहावी ते आठवीची. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी, अशी सगळ्यांचीच तऱ्हा. आत्या निवृत्त झाल्यापासून इथे मराठीतून विज्ञान शिकवते. फी नाही. पालक मुलांना सोडून समोरच्या टपरीवर पोहे-जलेबी खायला जातात, आणि खरं सांगायचं तर मुलांचंही लक्ष तिकडेच असतं. जिरावणाचा, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याचा, वास खिडकीतून थेट आत येतो.

विषय होता सावली. आत्याने विचारलं, "सकाळी सावली लांब का असते?" कोणी बोलेना. आत्यानेच उत्तर दिलं. पुढचा प्रश्न, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी खिडकीजवळचा एक मुलगा उठला. "कारण सूरज नीचे असतो, तर परछाई..."

"सावली!" आत्या म्हणाली. "परछाई नाही, सावली. आणि सूरज नाही, सूर्य."

मुलगा "सावली" म्हणाला आणि बसला. वाक्य अर्धंच राहिलं. दोन मुली तोंडावर हात धरून हसल्या. मग बारा वाजेपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही.

भिंतीवर मंडळाची निळी पाटी आहे: 'येथे मराठीतच बोलावे.'

परतताना स्कूटरवर मागून आत्या म्हणाली, "बघितलंस? दगड आहेत नुसते. तुम्ही लोकांना मोबाइलला चिकटवून ठेवता ना, तसं यांना वर्गाला चिकटवून दाखव."

माझं काम ॲपचे स्क्रीन आखायचं. 'एंगेजमेंट' हा शब्द दिवसातून वीस वेळा कानावर पडतो. तिथे त्याचा अर्थ एवढाच, की माणूस किती मिनिटं थांबला आणि उद्या परत आला की नाही. ही मुलं दोन तास थांबतात आणि पुढच्या शनिवारी परतही येतात. त्या हिशेबाने आत्याचा वर्ग भलताच यशस्वी.

१२ नोव्हेंबर, रात्री

उभं न राहता, न बोलता, सगळ्यांचं उत्तर एकदम कसं मिळेल?

प्लिकर्स नावाच्या ॲपमध्ये यावर सोपी युक्ती आहे. प्रत्येक मुलाच्या हातात एक छापील चौकोनी कार्ड. ज्या अक्षराची बाजू वर धरली, ते त्याचं उत्तर. शिक्षक फोनचा कॅमेरा फिरवतो आणि सगळी उत्तरं जमा होतात. मुलाकडे मोबाइल लागत नाही. प्रत्येकाची नक्षी वेगळी, म्हणून शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. तयार घेता आलं असतं, पण मला स्वतः करून बघायची खाज.

कॅमेऱ्यातली चित्रं ओळखणारं ओपनसीव्ही नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात अरुको खुणा आहेत, मूळ स्पेनच्या कोर्दोबा विद्यापीठातल्या. काळी चौकट, आत चार बाय चार घरांची काळी-पांढरी नक्षी. कॅमेऱ्याला नक्षीचा क्रमांक तर कळतोच, शिवाय मूळचा वरचा-डावा कोपरा आता कुठे आहे तेही कळतं, म्हणजे कार्ड कसं फिरवलंय ते समजतं. तेवीस मुलांना पन्नास नक्ष्यांचा संच पुरून उरला. नक्षी १२ सेंटिमीटर, पुठ्ठा १८ चा. मुलाला स्वतःचं अक्षर दिसावं म्हणून मागच्या बाजूला अ, ब, क, ड छापलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छान चकचकीत लॅमिनेशन करून घेतलं. म्हटलं, टिकतील.

१६ नोव्हेंबर

पहिली चाचणी. सगळ्यांना येईल असा प्रश्न ठेवला, 'इंदूरची सकाळ कशाने सुरू होते?' अ) इडली, ब) पोहे-जलेबी, क) ढोकळा, ड) छोले-भटुरे.

कोणत्या उत्तराला किती कार्डं ते दाखवणाऱ्या पट्ट्या भिंतीवर उगवल्या. पोहे-जलेबी शून्य. छोले-भटुरे नऊ. बाकीची कार्डं कॅमेऱ्याला दिसलीच नाहीत.

वर्ग इतका हसला की बाहेरून एक पालक डोकावून गेले. "दीदी, आपको इंदौर से निकाल देंगे," कोणीतरी म्हणालं, आणि आत्या त्याला मराठीत म्हणायला लावायचं विसरली, कारण ती स्वतःच हसत होती.

चुका तिन्ही माझ्याच. इथे लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

पहिली: मागच्या बाजूची अक्षरं मी पुढच्यासारखीच घड्याळाच्या दिशेने मांडली. कार्ड उलटलं की डावी-उजवी बदलते, हे लहान मुलालाही कळतं. अ आणि क जागेवर राहिले, ब आणि ड यांची अदलाबदल झाली. अकरा वर्षं डिझाइनमध्ये काढून ही पत.

दुसरी: लॅमिनेशन. ट्यूबलाइट कार्डावर चमकली की नक्षीची अर्धी घरं पांढरी होतात.

तिसरी: मागची रांग. हॉल लांबट आहे. पाच मीटरवरून माझ्या साध्या वेबकॅमला १२ सेंटिमीटरची नक्षी जेमतेम २६ ठिपक्यांची (पिक्सेलची) दिसते. चौकट धरून नक्षीत सहा घरं, म्हणजे एका घराच्या वाट्याला चार ठिपके. त्यात हात हलला की संपलं.

शिवाय मुलांची बोटं. काळ्या चौकटीभोवती पांढरी किनार मोकळी राहायला हवी, तरच कोपरे सापडतात. मुलं नेमका तिथेच अंगठा ठेवतात. मग काठाला चारही बाजूंना अंगठ्याचं छोटं चित्र काढलं. 'इथे धरा' असं लिहिण्यापेक्षा चित्र बरं.

२३ नोव्हेंबर

नवी कार्डं, साधा जाड कागद, लॅमिनेशन नाही. ब आणि ड आपापल्या जागी. मागची रांग दिसावी म्हणून रांगाच मोडल्या. खुर्च्या घोड्याच्या नालासारख्या मांडल्या, उघड्या तोंडाशी टेबल, त्यावर लॅपटॉप. आता सगळ्यात लांबचं मूलही साडेतीन मीटरच्या आत आलं. आत्या कुरकुरली, "लग्नाची पंगत वाटते आहे."

प्रश्न होता, इंदुरात उभ्या काठीची सावली पूर्ण नाहीशी कधी होते? अ) रोज दुपारी, ब) वर्षातून दोनदा, क) वर्षातून एकदा, ड) कधीच नाही.

पहिल्या फेरीत बरोबर उत्तर (ब) नऊ जणांचं. मी पट्ट्या दाखवल्या नाहीत. हार्वर्डला भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर १९९१ पासून हेच करत आले: आधी मत घ्यायचं, मग शेजाऱ्याशी बोलायला लावायचं, मग पुन्हा मत. त्यांचा ढोबळ नियम असा, की बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्के असतील तर बोलणं कामाचं. त्याहून कमी असतील तर विषयच कळलेला नाही, आणि जास्त असतील तर पुढे चला. नऊ म्हणजे ३९ टक्के. आत्याला खूण केली.

"दोन मिनिटं शेजाऱ्याला पटवा," ती म्हणाली.

आणि हॉल बोलू लागला. मी रेकॉर्डर लावला नव्हता याची हळहळ आहे. कार्ड १७ (नावं लिहीत नाही, कार्डाच्या क्रमांकानेच ओळखते) हवेत हाताने गोल काढून समोरच्याला सांगत होती, "अरे कर्कवृत्त उज्जैनच्या पण वर आहे ना, सूरज जाते वेळी आपल्यावरून जाणार, येते वेळी पण आपल्यावरून येणार." दुसऱ्या फेरीत सोळा. इंदूर २२.७ अंशांवर, कर्कवृत्त साडेतेवीसच्या थोडं आत. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकदा सूर्य डोक्यावरून जातो. जुलैत ढग असतात ती गोष्ट वेगळी.

नालाची रचना मी कॅमेऱ्यासाठी केली होती. पण मुलांना आता समोरच्याचा चेहरा दिसतो. याआधी त्यांना फक्त पुढच्याचं डोकं दिसायचं.

डोक्यात नसती कल्पना आली: पुढच्या वेळी गुण ठेवू या.

३० नोव्हेंबर

गुण ठेवले. चार गट, भिंतीवर तक्ता, बरोबर उत्तराला दहा, लवकर उत्तराला वर पाच. कामावर हेच करतो आणि तिथे आकडे चढतात.

इथेही चढले. अर्ध्या तासात सगळी कार्डं वर, आवाज छतापर्यंत. पण दुसऱ्या फेरीत कोणी कोणाला पटवेना. गटातला हुशार काय धरतो ते बघायचं आणि तसंच फिरवायचं. "ड कर, ड कर, मॅम बघून राहिल्यात!" कार्ड ९ चं उत्तर दोनदा चुकलं, गटातल्या एका मुलाने "तू मत उठा" म्हणून त्याचं कार्ड खाली ओढलं, आणि नंतरचा पाऊण तास ते कार्ड कॅमेऱ्याला दिसलंच नाही. कार्ड ९ म्हणजे पहिल्या दिवशीचा परछाईवाला मुलगा.

तक्ता त्याच दिवशी काढला. आत्या काही बोलली नाही, फक्त पोह्यांचे पैसे मला द्यायला लावले.

७ डिसेंबर

हा दिवस सविस्तर लिहायला हवा.

प्रश्न होता, 'आज सावली सर्वांत आखूड केव्हा असेल?' अ) बरोबर १२ वाजता, ब) १२ च्या आधी, क) १२ च्या नंतर, ड) सांगता येणार नाही. पहिल्या फेरीत अ ला एकोणीस. बोलणं झालं, दुसऱ्या फेरीत अ ला एकवीस! सगळ्यांना पक्कं माहीत असेल तर चर्चेने चूक आणखी पक्की होते. इथे एकमेकांना पटवून भागणार नव्हतं. गच्चीवर जायला हवं होतं.

आत्याने पालकांना आधीच सांगून ठेवलं होतं, आज दीड वाजेल. एक मीटरची सरळ काठी, कुंडीत घट्ट रोवलेली, ओळंब्याने तपासलेली. खाली मोठा पांढरा कागद. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी टिंब.

बारा वाजले तेव्हा सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत. सावली आखूड होतच राहिली. १२:०५, १२:१०. कार्ड ४ म्हणाला, "काठी वाकडी आहे." पुन्हा ओळंबा लावला. काठी सरळच होती. "घड्याळ पुढे आहे." चार घड्याळं ताडून पाहिली. मग भांडण वेगळंच सुरू झालं. १२:१० ला १०१ सेंटिमीटर, १२:२५ लाही १०१. आखूड नेमकी कधी? दुपारच्या आसपास सावलीची लांबी जवळजवळ थांबते. दहा मिनिटांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक, आणि सावलीचं टोक तर त्याहून जास्त धूसर. डोळ्याने ठरणारी गोष्टच नाही ती.

आत्या सांगणार असं मला वाटलं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. कोणी काही बोलेना. खाली कुठेतरी भंगारवाला ओरडत होता.

"टीचर," कार्ड ९ म्हणाला. कागदाकडे बघत, आमच्याकडे नाही. "सावली जेवढी घटते ना, तेवढीच बाद में वाढणार. तर पहिल्या टिंबाइतकी परत कधी होते ते बघू. बीचचा टाइम."

कोणीही 'घटते' चुकीचं आणि 'बीचचा' त्याहून चुकीचं असं म्हणालं नाही. आत्याने सुतळी घेतली, काठीच्या बुडापासून साडेअकराच्या टिंबापर्यंत ताणली (१०६ सेंटिमीटर भरली), खडूने गोल काढला आणि म्हणाली, "थांबू या मग."

सावलीचं टोक पुन्हा गोलाला टेकलं तेव्हा १ वाजून ६ मिनिटं झाली होती. साडेअकरा आणि एक-सहा, मध्य १२ वाजून १८. मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे.

ही जुनीच पद्धत. शंकू, म्हणजे उभी काठी, रोवायचा, भोवती वर्तुळ काढायचं, सकाळ-दुपारची टोकं धरायची. त्यातून उत्तर-दक्षिणही मिळते. उज्जैनच्या वेधशाळेत शंकू यंत्र आहेच. त्या मुलाने ती कुठे वाचलेली नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "तसं लॉजिक आहे ना दीदी."

मग बारा का नाही? आपलं घड्याळ, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, ८२.५ अंश रेखांशाचं, इंदूर पावणेशहात्तरच्या थोडं पुढे. दर अंशाला चार मिनिटं. कार्ड १७ ने तोंडी हिशेब केला: सव्वीस मिनिटांहून थोडं जास्त. "मग १२:२६ यायला हवं. १२:१८ का आलं?"

आत्या म्हणाली, "ते मलाही आत्ता सांगता येणार नाही, घरी जाऊन बघते." हे वाक्य मी तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

१० डिसेंबर

शनिवारी रेकॉर्डर चालू होता. हॉलमधला पहिला तास आत्याच्या घरी बसून ऐकला.

मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात शेकडो वर्गांची रेकॉर्डिंगं ऐकली. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरही थांबत नाहीत, असं त्यांना आढळलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, गप्प बसणारी मुलं बोलू लागतात, आणि मुलंच प्रश्न विचारू लागतात. आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तीन सेकंद? तेवढ्यात वर्ग डोक्यावर घेतील. मी पस्तीस वर्षं शिकवलंय."

मग रेकॉर्डिंग लावलं. वहीत रेघा मारत गेले. त्या तासात मुलं चौदा वेळा बोलली. नऊ वेळा आत्याने मध्येच शब्द दुरुस्त केला. त्या नऊपैकी सात वाक्यं पुढे गेलीच नाहीत.

आत्या बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत होती. "हा आवाज माझा आहे? एवढा तिखट?" मग म्हणाली, "ते चौथं पुन्हा लाव." चौथं म्हणजे एक मुलगी 'दूरी' म्हणाली होती आणि आत्या 'अंतर!' म्हणाली होती. आत्याने ते तीनदा ऐकलं.

"अगं, पण मी मराठी शिकवायची नाही तर कोणी शिकवायची यांना? शाळेत तर एक अक्षर नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं म्हणणं खरंच आहे. ही मुलं आणखी पंधरा वर्षांनी आपल्या पोरांशी कुठल्या भाषेत बोलतील, या धास्तीवर तर ही सगळी मंडळं चालतात.

१४ डिसेंबर

वर्ग नाही. हॉल लग्नाला दिला, मुहूर्त संपत आलेत.

आत्याकडे गेले तर तिने माळ्यावरून पत्र्याची पेटी काढलेली. त्यात 'बाल वैज्ञानिक'ची पिवळी पडलेली पुस्तकं. होशंगाबादच्या (आताच्या नर्मदापुरमच्या) विज्ञान कार्यक्रमाची. १९७२ साली तिकडच्या सोळा शाळांत तो सुरू झाला, २००२ मध्ये सरकारने बंद केला. पाठ करायचं नाही, करून बघायचं, अशी त्याची रीत. तरुणपणी आत्या त्यांच्या एका शिबिराला जाऊन आली होती, हे मला आजवर माहीतच नव्हतं.

"सवालीराम आठवला," ती म्हणाली. सवालीराम म्हणजे त्या कार्यक्रमातलं काल्पनिक पात्र. खेड्यांतली मुलं त्याला पोस्टाने प्रश्न पाठवायची, आणि त्यांना उत्तर जायचं. "मुलं त्याला काहीही विचारायची. समोर कोणी नसायचं ना हसायला."

लग्नाच्या मिठाईचा रिकामा खोका मिळाला. वर चीर पाडली.

२१ डिसेंबर

सर्वांत लहान दिवस. अयनबिंदू, म्हणजे सूर्य सर्वांत दक्षिणेला असण्याचा क्षण, दुपारी २:५० ला. काठी पुन्हा रोवली: सावली १०४ सेंटिमीटर, मध्यान्ह १२:२५. म्हणजे दोन आठवड्यांत सात मिनिटांनी सरकली. कार्ड १७ ने आत्याकडे असं काही बघितलं, की आत्याने नजर चुकवली.

गच्चीची फरशी उंचसखल आहे, कागद सपाट राहीना. सपाट फळी हवी होती. कार्ड ४ आणि कार्ड ११ खाली जाऊन निळी पाटी काढून घेऊन आले. पालथी घातली तर मागचा प्लायवूड एकदम मस्त. त्यावर कागद चिकटवून काम झालं. नंतर पाटी परत लावायची कोणाला आठवण राहिली नाही. संध्याकाळी मंडळाच्या एका काकांचा फोन आला, "ताई, पाटी दिसत नाही." आत्या म्हणाली, "प्रयोगात आहे."

आत्याने नवीन रीत काढली आहे. प्रश्न विचारला की मनात शुभंकरोतीची एक ओळ म्हणायची, मगच पुढे बोलायचं. ओठ किंचित हलतात, मुलांना वाटतं टीचर हिशेब करताहेत. शब्द अडला तर मूल बोलून संपेपर्यंत ती गप्प राहते, मग फळ्यावर शब्द लिहिते. दुसरं काही नाही. आज तिथे लिहिलेलं होतं: परछाई, छाया, सावली, शॅडो. शेवटी तिने पाचवा लिहिला, पडछाया. "परछाईची मावसबहीणच आहे ही," म्हणाली. कार्ड ९ ने तो वहीत उतरवला. कोणी सांगितलं नव्हतं.

सवालीरामच्या खोक्यात पंधरा चिठ्ठ्या. चार मराठीत, सात हिंदीत, बाकी खिचडी. 'मुंबईच्या मामाकडे काठी लावली तर किती वाजता?' 'चांदनी में पण सावली पडते का?' आणि एक, पेन्सिलने, बारीक अक्षरात: 'रात्र म्हणजे पृथ्वीची परछाई आहे का?'

ती चिठ्ठी आत्याने दोनदा वाचली. मग घडी करून पर्समध्ये ठेवली.

२८ डिसेंबर

हजेरी अकरा. नाताळच्या सुट्ट्या. कॅमेरा ठीक चालला. लिहिण्यासारखं काही नाही.

४ जानेवारी २०२५

लॅपटॉपचा चार्जर घरी राहिला, बॅटरी दहा मिनिटांत मेली. दीड महिना घासलेली सगळी यंत्रणा ठप्प.

आत्या म्हणाली, "डोळे मिटा. छातीशी बोटं धरा. एक, दोन, तीन की चार." आणि चक्क जमलं. शेजाऱ्याला दिसत नाही, आत्याला दिसतं, मोजायला अर्धा मिनिट. मला जरा लागलं, खोटं का बोला. पण कार्डांचा एक फायदा बोटांना नाही: कोणाचं मत दुसऱ्या फेरीत बदललं, ते नंतर शांतपणे बघता येतं. बोटं हवेत विरतात.

हजेरी सतरा, कारण सिडनी कसोटीचा दुसरा दिवस. त्याचाच उपयोग झाला. प्रश्न होता, जानेवारीत थंडी का? 'सूर्य लांब जातो' याला दहा बोटं. आत्या म्हणाली, "आज संध्याकाळीच पृथ्वी सूर्याच्या वर्षातल्या सर्वांत जवळ असेल. १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. जुलैत ती १५ कोटी २१ लाखांवर जाते." हॉल एकदम गप्प झाला. यावेळची शांतता पहिल्या दिवशीच्यासारखी नव्हती. कपाळाला आठ्या घातलेली होती. शुभंकरोतीच्या दोन ओळी झाल्या असतील.

"सिडनीत तर गरमी आहे," कार्ड ४ म्हणाला. "आत्ता. मॅच चालू आहे. पृथ्वी तर एकच आहे, मग तिकडे जवळ अन् इकडे दूर असं कसं होणार?"

पुढचा अर्धा तास आत्याने जेमतेम सहा वाक्यं बोलली असतील.

११ जानेवारी

काठी, तिसऱ्यांदा. पहिलं टिंब ११:४६, परत टेकलं १:२२ ला. मध्यान्ह १२:३४. सावली आता ९८ सेंटिमीटर.

फळ्यावर तीन ओळी: ७ डिसेंबर १२:१८. २१ डिसेंबर १२:२५. ११ जानेवारी १२:३४. आत्याने घरी जाऊन खरंच बघून ठेवलं आहे: पृथ्वीची कक्षा गोल नाही, ती सूर्याजवळ असताना वेगाने जाते, त्यात अक्ष कललेला, म्हणून सूर्याचं मध्यान्ह घड्याळाच्या मागेपुढे होतं. सांगायला पाच मिनिटं लागली असती. सांगितलं नाही. फक्त विचारलं, "पुढे काय होईल? सरकतच राहील? मे महिन्यात मध्यान्ह दुपारी दोन वाजता?"

मत घेतलं. पाच वेगवेगळी मतं निघाली आणि कार्डावर बाजू चारच. पाचवं मत असलेल्या कार्ड ९ ने कार्ड तिरकं धरलं, कोपरा वर. कॅमेऱ्याने ते एकदा ब आणि एकदा अ वाचलं. तो म्हणाला, "दीदी, तुमच्या मशीनमध्ये 'अजून बघावं लागेल'ला जागा नाही."

खरंच नाही. नक्षी पंचेचाळीस अंशांत ओळखायची तर कोपऱ्यांवरून कोन काढावा लागेल, फार कठीण नाही. रात्री बसून बघते.

१२ जानेवारी

झालं. आठ दिशा वाचते. चार बाजू म्हणजे उत्तरं, चारही कोपऱ्यांचा अर्थ एकच: 'अजून बघावं लागेल.'

पाटी अजून गच्चीच्या जिन्यात आहे, कागद चिकटवलेलाच. मंडळाच्या काकांना आत्याने कळवलंय की प्रयोग जूनपर्यंत चालेल, तोवर नवी करून घ्या. ते म्हणाले, बघू. काठी आणि सुतळी हॉलच्या कपाटात, किल्ली आत्याकडे. पुढच्या शनिवारी खोक्यातल्या उरलेल्या चिठ्ठ्या, आणि मुंबईच्या मामाला फोन.